गाडीच्या ड्राइव्ह बेल्टची साइज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेल्टबद्दलचे बहुतेक प्रश्न "कोणता बेल्ट घेऊ?" असे सुरू होतात, पण खरी अडचण निघते ती "लांबी नक्की कुठून कुठपर्यंत मोजायची?" यात. एकाच बेल्टची आतली लांबी वेगळी, बाहेरची वेगळी आणि छापलेली तिसरीच असू शकते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. दोन उत्तरांचा संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ड्राइव्ह बेल्ट म्हणजे नक्की कोणता? फॅन बेल्ट आणि टायमिंग बेल्ट वेगळे का?

इंजिनच्या पुढच्या बाजूला, उघड्यावर दिसणारा आणि क्रँक पुलीवरून (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली) अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप यांना फिरवणारा तो ड्राइव्ह बेल्ट. पूर्वी त्याच बेल्टवर रेडिएटरचा पंखाही फिरायचा, म्हणून बरेच जण आजही त्याला फॅन बेल्टच म्हणतात. तसं म्हटलं तरी काही बिघडत नाही.

टायमिंग बेल्ट मात्र पूर्ण वेगळा. तो झाकणाच्या आत असतो, त्याला आडवे दात असतात आणि तो क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. त्याच्या साइजचे नियम निराळे आहेत (प्रश्न १७). गिअर नसलेल्या स्कूटरमधला बेल्ट हा आणखी तिसरा प्रकार (प्रश्न १६).

२. गाडीचं नाव, मॉडेल आणि साल सांगितलं तर साइज कळायला हवी ना?

कधी कळते, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. एकाच मॉडेलमध्ये, एकाच सालात, एसी असलेली आणि नसलेली गाडी असते. एकीत पॉवर स्टिअरिंग पंपावर चालतं, दुसरीत विजेवर, म्हणजे एक पुली कमी. कधी वर्षाच्या मध्येच कंपनी वेगळ्या क्षमतेचा अल्टरनेटर बसवायला लागते आणि त्याच्या पुलीचा व्यास बदलतो. यातला प्रत्येक फरक बेल्टच्या लांबीत उतरतो.

त्यामुळे चौकशी करताना पाच गोष्टी हाताशी ठेवा: पूर्ण चॅसिस नंबर, इंजिनचा कोड, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष, एसी आहे की नाही, आणि पॉवर स्टिअरिंगचा प्रकार. १७ अंक-अक्षरांचा चॅसिस नंबर दिला, तर अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर त्याच गाडीची मूळ जोडणी शोधता येते आणि हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. नोंदणीचं साल आणि बनल्याचं साल यांत कित्येक महिन्यांचा फरक पडू शकतो. कॅटलॉगमध्ये "अमुक महिन्यापर्यंत" आणि "अमुक महिन्यापासून" अशा दोन ओळी दिसल्या, तर बनल्याची तारीख बघा, नोंदणीची नाही.

एक अपवाद आहे. गाडीत नंतर काही बदल झाले असतील, इंजिन बदललं असेल किंवा अल्टरनेटर दुसऱ्या मॉडेलचा बसवला असेल, तर चॅसिस नंबर मूळ बेल्ट सांगेल, आताचा नाही. मग प्रश्न ५ आणि ८ कडे वळा.

३. जुन्या बेल्टवर "६पीके१७५०" असं काहीतरी छापलंय. याचा अर्थ काय?

या एका नंबरात सगळं आलं. ६ म्हणजे बेल्टला सहा रिब, म्हणजे लांबीच्या दिशेने धावणाऱ्या सहा उभ्या धारा. पीके हा रिबचा साचा. त्यात एका रिबच्या मध्यापासून शेजारच्या रिबच्या मध्यापर्यंत ३.५६ मिलिमीटर अंतर असतं. १७५० ही मिलिमीटरमधली प्रभावी लांबी (ती कशी मोजतात ते प्रश्न ५ मध्ये).

रुंदी वेगळी लिहावी लागत नाही, ती रिबच्या संख्येतून निघते. सहा रिब म्हणजे ६ × ३.५६, साधारण २१.४ मिलिमीटर. चार रिबचा बेल्ट १४ च्या आसपास, पाचचा १८ च्या आसपास, सातचा २५ च्या आसपास.

काही बेल्टांवर हीच माहिती उलटसुलट क्रमाने असते: आधी लांबी, मग रिब. काही वेळा कंपनीचा स्वतःचा पार्ट नंबर मोठ्या अक्षरांत आणि साइज कोपऱ्यात बारीक असते. चार आकडी संख्या दिसली म्हणून ती लांबीच असेल असं समजू नका. बेल्टवर उत्पादनाचा बॅच नंबरही असतो आणि तोच मोजमाप समजून दुकानात सांगितला जातो. "पीके" ही अक्षरं शोधा, आकडे त्यांच्या दोन्ही बाजूंना सापडतील.

४. माझ्या बेल्टवर पीके वगैरे नाही, नुसतं ०६०६८९ आहे.

ही इंच पद्धत. पहिले दोन-तीन आकडे रिब सांगतात आणि शेवटचे तीन-चार आकडे इंचाच्या दहाव्या भागात लांबी. ०६० म्हणजे सहा रिब, ६८९ म्हणजे ६८.९ इंच. ६८.९ ला २५.४ ने गुणा: १७५०. म्हणजे प्रश्न ३ मधलाच बेल्ट. या आकड्यांच्या आधी के हे अक्षर किंवा एखादा जादा आकडा असू शकतो. तो कंपनीच्या मालिकेचा असतो.

गुणाकार करून आलेली संख्या पूर्ण नसते, तेव्हा जवळची साइज घ्यावी लागते. किती जवळची चालते ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. नंबर पूर्ण पुसला गेलाय. बेल्ट हातात आहे. मोजायचा कसा?

आधी ओला फडका आणि साबण घेऊन बेल्टची पाठ हलकेच पुसून बघा. तिरप्या प्रकाशात, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिलं, तर पुसलेली छपाई पुष्कळदा वाचता येते. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, उरलेली अक्षरंही जातील.

तरीही काही दिसलं नाही, तर मोजा. रिब मोजताना खाचा मोजू नका, उंच धारा मोजा. सहा रिबच्या मध्ये खाचा पाचच असतात आणि ही चूक फार वेळा होते. मग न ताणणारी दोरी घ्या. सुतळी चालेल, लोकर किंवा इलॅस्टिक नाही. बेल्ट गोल करून टेबलावर कडेवर उभा ठेवा, त्याच्या पाठीवरून दोरी एक पूर्ण फेरा फिरवा, जिथे टोक भेटतं तिथे पेनाने खूण करा आणि दोरी सरळ करून टेपने मोजा. शिवणकामाची कापडी टेप थेट बेल्टवर गुंडाळली तरी चालते. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे दोन-तीन मिलिमीटरच्या आत आले नाहीत, तर दोरी कुठेतरी सैल पडते आहे.

आता महत्त्वाचं. ही बाहेरची लांबी झाली. पीके बेल्टवर छापतात ती प्रभावी लांबी, आणि ती बेल्ट दोन पुल्यांवर ठरावीक ताण देऊन मोजलेली असते. मोजमापाची ही रेषा बेल्टच्या पाठीवर नसते, पुलीच्या बाहेरच्या कडेपाशी असते. त्यामुळे पाठीवरून मोजलेला आकडा छापील आकड्यापेक्षा साधारण १० ते १५ मिलिमीटर जास्त येतो. दोरी १७६३ दाखवत असेल, तर बेल्ट १७५० चा असण्याची शक्यता मोठी.

हा फरक अंदाजाने वजा करण्यापेक्षा एक युक्ती करा. नंबर स्पष्ट दिसणारा दुसरा कोणताही पीके बेल्ट घ्या आणि त्याच दोरीने, त्याच हाताने मोजा. छापील आकडा आणि तुमचा आकडा यांतला फरक हीच तुमची वजावट. तुमच्या पद्धतीत जी काही गफलत असेल, तीही त्यात धरली जाते.

६. टेपने १७६३ आलं आणि दुकानदार १७५० चा देतोय. तो चुकतोय का?

बहुधा नाही. प्रश्न ५ चा शेवटचा भाग वाचा. शंका असेल, तर दोन्ही बेल्ट एकात एक न घालता शेजारी लोंबते धरा: एकाच खिळ्याला किंवा एकाच बोटावर अडकवा, खालून दोन बोटांनी सारखे ताणा आणि तळ पाहा. तळात १ मिलिमीटर फरक दिसला म्हणजे पूर्ण लांबीत २ चा फरक. इतकी साधी तुलना टेपपेक्षा जास्त खरी असते.

७. माझ्या जुन्या गाडीत एकच जाड, तिरप्या कडांचा बेल्ट आहे. त्यावर "एव्हीएक्स १३×१०००" आहे. मित्राच्या बेल्टवर "ए-४२" आहे. दोन्ही सारखेच का?

दोन्ही व्ही-बेल्ट आहेत, दोन्हींची वरची रुंदी १३ मिलिमीटर आहे, आणि इथेच लोक फसतात. लांबी मोजायची जागा वेगळी आहे.

एव्हीएक्सच्या नंबरात पहिला आकडा वरची रुंदी आणि दुसरा बाहेरची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे दोरीने पाठीवरून मोजलं, तर १००० च्या आसपासच यायला हवं. मोटारींमध्ये याच मालिकेतला १० मिलिमीटर रुंदीचा बेल्टही असतो.

ए-४२ ही जुनी औद्योगिक पद्धत. ४२ ही इंचातली आतली लांबी, म्हणजे १०६७ मिलिमीटर. ए साच्याची जाडी ८ मिलिमीटर असल्याने बाहेरची लांबी साधारण ५० मिलिमीटरने, म्हणजे जवळपास दोन इंचांनी जास्त भरते. पाठीवरून मोजून ४४ इंच आले, तर मागायचा तो ए-४२. बी साच्याचा बेल्ट वर १७ मिलिमीटर रुंद आणि ११ जाड असतो. त्यात आतल्या-बाहेरच्या लांबीतला फरक ६९ मिलिमीटरपर्यंत जातो.

पाठीवरचे ४४ इंच पाहून कोणी ए-४४ आणला, की तो दोन इंच लांब निघतो, ॲडजस्टर (बेल्ट हाताने ताणायची सोय) शेवटपर्यंत ओढूनही सैल राहतो, आणि दोष बेल्टच्या दर्जाला दिला जातो.

रुंदीबाबत तडजोड नाही. व्ही-बेल्टची पकड त्याच्या दोन तिरप्या कडांवर असते. १० चा बेल्ट १३ च्या खाचेत टाकला, तर तो तळाला टेकतो आणि घसरतो. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर आधीचा बेल्ट अरुंद होता किंवा झिजून अरुंद झाला होता. बरोबर बेल्टची पाठ पुलीच्या कडेच्या समपातळीत किंवा किंचित वर दिसते.

८. बेल्ट तुटून रस्त्यातच कुठेतरी पडला. मोजायला काहीच नाही.

मग पुल्या मोजायच्या. एका अर्थी हे बरंच आहे, कारण आधीचाच बेल्ट चुकीचा बसवलेला असेल, तर ती चूक पुढे जात नाही.

इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढा आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडा. विजेचा रेडिएटर पंखा किल्ली बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर बेल्टच्या मार्गाचं चित्र चिकटवलेलं आहे का बघा. नसेल, तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधा.

खाचांच्या पुल्यांना बेल्टची रिबची बाजू लागते आणि गुळगुळीत पुल्यांना पाठ, हे लक्षात ठेवून त्याच मार्गाने दोरी फिरवा. खाचांच्या पुलीवर दोरी खाचेत पडू देऊ नका, दोन खाचांमधल्या उंच कडेवर ठेवा. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल, तर पान्याने त्याला नव्या बेल्टच्या जागेवर धरून दुसऱ्याला दोरी घट्ट करायला सांगा. टेन्शनरच्या अंगावर बहुतेक वेळा एक दर्शक आणि दोन-तीन खुणा असतात. नव्या बेल्टची खूण सैल टोकाच्या खुणेपासून दूर असते. हाताने घट्ट करायची रचना असेल, तर ॲडजस्टर पूर्ण सैल करून एकदा आणि मधोमध आणून एकदा मोजा. बेल्ट या दोन आकड्यांच्या मधला हवा: चढवता येण्याइतका लांब, आणि नंतर ताणायला जागा उरेल इतका लहान.

पुल्यांच्या कडेवरून मोजलेला आकडा पीके बेल्टच्या छापील आकड्याच्या बराच जवळ असतो, कारण प्रभावी लांबीची रेषा तिथूनच जाते. इथे प्रश्न ५ मधली १०-१५ ची वजावट करू नका. पाठीवर चालणाऱ्या गुळगुळीत पुल्या जास्त असतील, तर आकडा दोन-चार मिलिमीटरने कमी येऊ शकतो.

रिबसाठी खाचा मोजा, पण एका पुलीवरच्या नाही, सगळ्या पुल्यांवरच्या. सर्वांत कमी खाचा असलेली पुली बेल्टची रुंदी ठरवते.

९. नेमकी साइज मिळत नाही. पाच-दहा मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल का?

ताण कसा दिला जातो त्यावर आहे. स्प्रिंगचा आपोआप चालणारा टेन्शनर असेल, तर १७५० ऐवजी १७५३ किंवा १७४८ ने काही फरक पडत नाही. वेगवेगळ्या कंपन्या एकाच गाडीसाठी असे थोडे वेगळे आकडे देतातही. बसवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि टेन्शनरचा दर्शक खुणांच्या आत आहे का पाहा. आत असेल, तर साइज बरोबर. कडेवर असेल, तर बेल्ट थोडा झिजल्यावर दर्शक बाहेर जाईल.

दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक मी तरी टाळेन. लांब बेल्टने टेन्शनर त्याच्या प्रवासाच्या शेवटी पोचतो आणि एसी चालू होताच बेल्ट घसरतो. लहान बेल्टने टेन्शनर उलट टोकाला दबून राहतो, हिसके शोषायला त्याच्याकडे जागाच उरत नाही आणि वॉटर पंप व अल्टरनेटरच्या बेअरिंगवर भार येतो.

हाताने घट्ट करायच्या रचनेत सूट जास्त मिळते, कारण अल्टरनेटर त्याच्या पट्टीवर पुढे-मागे सरकतो. मात्र बेल्ट ताणल्यावर बोल्ट पट्टीच्या अगदी टोकाला गेला असेल, तर लांबी चुकली आहे. ताणासाठी साधा ठोकताळा असा: दोन पुल्यांमधला सर्वांत लांब मोकळा भाग अंगठ्याने दाबला, तर एक मीटर अंतरामागे साधारण १६ मिलिमीटर, म्हणजे ३० सेंटिमीटरला सुमारे ५ मिलिमीटर दबायला हवा. मॅन्युअलमध्ये आकडा असेल, तर अर्थात तोच पाळा.

ताणबेल्ट (टेन्शनरशिवाय स्वतःच्या ओढीने घट्ट राहणारा लवचीक बेल्ट) असेल, तर एकाही मिलिमीटरची सूट नाही. पुढचे दोन प्रश्न झाले की तोच विषय आहे.

१०. सहा रिबचा मिळाला नाही. पाच किंवा सात रिबचा लावला तर?

सातचा सहा खाचांच्या पुलीवर लावायचाच नाही. एक रिब बाहेर लोंबते, कडेला घासून फाटते आणि तो धागा बाकीच्या बेल्टला घेऊन जातो. सुटलेला धागा क्रँकशाफ्टच्या सीलमध्ये किंवा टायमिंग बेल्टच्या झाकणात शिरला, तर खर्च कुठल्या कुठे जातो.

पाचचा सहा खाचांवर फिरेल, पण भार उचलायची ताकद त्याच प्रमाणात कमी. गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. काही गाड्यांत मात्र कंपनीनेच एखाद्या पुलीवर एक खाच जादा दिलेली असते, म्हणून पुलीवर रिकामी खाच दिसली की लगेच बेल्ट चुकीचा ठरवू नका. चॅसिस नंबरवरून पडताळा.

११. बेल्ट वापरून ताणतो आणि लांब होतो. मग मोजून आलेल्या आकड्यापेक्षा थोडा लहान घ्यावा का?

नको. आतल्या धाग्यांमुळे आजचे रिबचे बेल्ट लांबीत फार थोडे वाढतात. वापराने झिजतात त्या रिब: रबर जातं, खाच रुंद होते, बेल्ट पुलीत खोल बसतो, आणि त्यामुळे तो सैल वाटतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. जुन्या निओप्रीन बेल्टला तडे जायचे, त्यामुळे तपासणं सोपं होतं. ईपीडीएम रबरचा बेल्ट पूर्ण झिजला तरी त्याला एखादाही तडा नसू शकतो. नव्या बेल्टची खाच आणि जुन्या बेल्टची खाच नखाने चाचपून बघा. नव्याची व्ही आकाराची टोकदार वाटेल, जुन्याची यू आकाराची.

साधा व्ही-बेल्ट सुरुवातीला थोडा ताणून लांब होतो, पण त्यासाठी ॲडजस्टर आहे. नवा बसवल्यावर थोडं चालवून ताण पुन्हा तपासा. साइज कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही.

१२. माझ्या गाडीत टेन्शनरच दिसत नाही, अल्टरनेटरही सरकत नाही. मग बेल्ट चढवायचा कसा आणि साइज कशी ठरवायची?

हा ताणबेल्ट. त्याचे धागे मुद्दाम लवचीक ठेवलेले असतात. मोकळा असताना तो पुल्यांच्या मार्गापेक्षा लहान असतो, पुलीवर चढवताना ताणला जातो आणि स्वतःच्या ओढीने घट्ट राहतो. एसीच्या कॉम्प्रेसरसाठी वेगळा छोटा बेल्ट असलेल्या गाड्यांत हा बऱ्याचदा दिसतो.

यात दोरीची कोणतीच युक्ती चालत नाही. पुल्यांवरून मोजलं, तर मार्गाची लांबी मिळेल. बेल्ट त्यापेक्षा किती लहान हवा हे फक्त बनवणाऱ्याला माहीत. जुना बेल्ट मोजला, तर तो ताणून झालेला. त्याच लांबीचा साधा पीके बेल्ट आणला, तर तो चढणार नाही, आणि चढेल इतका लांब घेतला तर घसरेल. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, दुसरा रस्ता नाही.

जुना कापूनच काढतात. काढलेला पुन्हा वापरायचा नसतो. नवा चढवायला एक प्लास्टिकचं किंवा धातूचं टूल लागतं, कित्येकदा ते बेल्टच्या डब्यातच असतं. पेचकसाने उचकटून चढवला, की धागा आतून तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

१३. साइज बरोबर असूनही नवा बेल्ट शेवटच्या पुलीवर चढतच नाही.

परत करायला निघण्याआधी मार्ग तपासा. "लहान निघाला" म्हणून परत आलेल्या बेल्टांमागे चुकीचा मार्ग हेच कारण मोठ्या प्रमाणात असतं. एखादी गुळगुळीत पुली बेल्टने आतून घ्यायची होती ती बाहेरून घेतली, की दहा-वीस मिलिमीटर सहज खर्च होतात. मार्ग बरोबर असेल, तर टेन्शनर पूर्ण मागे जातोय का ते पाहा. काही टेन्शनर पिन घालून मागे अडकवता येतात.

चढवताना शेवटची पुली गुळगुळीत ठेवा. खाचांची पुली शेवटी ठेवली, की बेल्ट तिच्या कडेवर घासत चढतो आणि एक खाच बाजूला बसण्याची शक्यता वाढते. बसवून झाल्यावर प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. एका पुलीवर जरी बेल्ट एक खाच सरकलेला असेल, तरी इंजिन सुरू केल्यावर तो काही मिनिटांत फाटू शकतो.

१४. एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून तो वगळून बेल्ट लावायचाय. कोणती साइज?

तात्पुरतं करता येतं, पण सगळ्या गाड्यांत नाही. प्रश्न ८ प्रमाणे कॉम्प्रेसर सोडून दोरी फिरवा आणि दोन गोष्टी बघा. एक, नव्या मार्गात बेल्ट स्वतःच्याच दुसऱ्या भागाला किंवा एखाद्या ब्रॅकेटला घासत नाही ना. दोन, क्रँक पुली आणि वॉटर पंप यांच्यावर बेल्टचा विळखा फार कमी होत नाही ना. विळखा कमी म्हणजे पकड कमी, लांबी कितीही अचूक असो.

त्याच मॉडेलची बिनएसीची आवृत्ती निघाली असेल, तर तिचा बेल्ट शोधा. पण तिच्यात कॉम्प्रेसरच्या जागी आयडलर पुली (काही न चालवता नुसती बेल्टला वळण देणारी) असू शकते, मग ती पुलीही लागेल. आणि आधी खात्री करा की जाम झालंय ते कॉम्प्रेसरच आहे. नुसती पुलीची बेअरिंग गेली असेल, तर ती बदलता येते.

१५. नवा बेल्ट लावला तरी आवाज येतो. साइज चुकली का?

कधी कधी. चालू इंजिनवर, हात आणि कपडे लांब ठेवून, बेल्टच्या रिबच्या बाजूवर थोडंसं पाणी शिंपडा. चिवचिव करणारा आवाज क्षणभर थांबला आणि परत आला, तर पुल्या एका ओळीत नाहीत; त्याचा साइजशी संबंध नाही. किंचाळणारा आवाज पाण्याने वाढला, तर बेल्ट घसरतोय: ताण कमी, म्हणजे लांबी जास्त किंवा टेन्शनरची स्प्रिंग थकलेली. दर्शक कुठे आहे ते पाहा (प्रश्न ९). अल्टरनेटरची एकाच दिशेने फिरणारी क्लच पुली अडकली असेल, तरीही बेल्ट फडफडतो आणि टेन्शनर थरथरतो. तिथे बेल्ट तीनदा बदलून उपयोग नाही.

१६. स्कूटरच्या बेल्टवर "८४२-२०-३०" आहे. हे कसं वाचायचं?

बाहेरची लांबी ८४२ मिलिमीटर, वरची रुंदी २० मिलिमीटर, कडांचा कोन ३० अंश. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये हा बेल्ट म्हणजेच गिअरबॉक्स. पुल्या उघडतात-मिटतात आणि बेल्ट त्यांत वर-खाली सरकतो. म्हणून इथे टेन्शनर वगैरे काही सांभाळून घेत नाही. लांबी चार-पाच मिलिमीटर बदलली, तरी बेल्ट पुलीत वेगळ्या उंचीवर बसतो आणि उठाव किंवा कमाल वेग बदलतो.

जुना मोजून रुंदी ठरवू नका, कारण झिजते ती रुंदीच. २० चा बेल्ट झिजून १८.५ झालेला असतो, आणि कोणीतरी १८ चा आणून बसवतं. व्हर्निअरने पाच-सहा ठिकाणी मोजा, सगळ्यांत मोठा आकडा मूळ रुंदीच्या जवळचा. किती झिजेपर्यंत चालतो, ती मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. कमाल वेग हळूहळू कमी होत गेला असेल, तर आधी हीच रुंदी तपासा.

१७. टायमिंग बेल्टही असाच दोरीने मोजून आणता येईल का?

नाही. तिथे लांबी हा दुय्यम आकडा आहे. दातांची संख्या, दोन दातांमधलं अंतर, दाताचा आकार आणि रुंदी, हे चारही जुळावे लागतात. ८ मिलिमीटर अंतराचे १२० दात म्हणजे ९६० मिलिमीटर, ९.५२५ मिलिमीटर अंतराचे १०१ दात म्हणजे ९६२. दोरीला हे दोन्ही बेल्ट एकच वाटतील, पण एकाच्या पुलीवर दुसरा बसणारसुद्धा नाही. दाताचा आकार गोल आहे की चौकोनी, हे तर दोरी सांगूच शकत नाही. अनेक इंजिनांत टायमिंग चुकलं, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. हा बेल्ट पार्ट नंबरवरूनच घ्या, आणि टेन्शनर व आयडलरसकट.

१८. ट्रकमध्ये शेजारी-शेजारी दोन व्ही-बेल्ट आहेत, एकच तुटला. एकच बदलू का?

दोन्ही बदला, आणि एकाच जुळणीतले घ्या. नवा आणि जुना एकत्र लावले, तर जुना थोडा खोल बसतो, सगळा भार नव्यावर येतो आणि तो लवकर जातो. छापील साइज सारखी असली, तरी वेगवेगळ्या बॅचच्या बेल्टांत थोडा फरक असतो. म्हणून असे बेल्ट जोडीने विकले जातात. बसवल्यावर दोन्ही अंगठ्याने दाबून बघा, सारखेच दबले पाहिजेत.

१९. माझ्या बेल्टला दोन्ही बाजूंना रिब आहेत.

नंबरात पीकेच्या आधी "डी" असेल, उदाहरणार्थ ६डीपीके११९५. त्याच्या जागी एका बाजूचा बेल्ट लावता येत नाही. पाठीकडून चालणाऱ्या पुलीलाही खाचा आहेत आणि गुळगुळीत पाठ तिच्यावर घसरते. लांबी मोजताना प्रश्न ५ ची वजावट इथे लागू धरू नका, कारण दोरी पाठीवर नाही तर दुसऱ्या रिबांच्या टोकांवर बसते.

२०. अल्टरनेटर वेगळ्या पुलीचा बसवलाय. नवी लांबी हिशोबाने काढता येईल का?

बऱ्यापैकी येते. त्या पुलीला बेल्टचा विळखा साधारण अर्धा गोल असेल, तर व्यासातला फरक १.५७ ने गुणा. ६० मिलिमीटरच्या जागी ५४ ची पुली आली, तर ६ × १.५७, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर बेल्ट कमी लागेल. विळखा पाव गोल असेल, तर याच्या निम्मा फरक.

फक्त दोनच पुल्या असतील, तर पूर्ण लांबीही काढता येते. मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेला १.५७ ने गुणून येणारी संख्या, अधिक व्यासांमधल्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट. अंतर ३००, व्यास १४० आणि ६० असतील, तर ६०० + ३१४ + ५.३, म्हणजे सुमारे ९१९. पीकेसाठी पुलीचा बाहेरचा व्यास घ्या. व्ही-बेल्टचा बाहेरचा आकडा हवा असेल, तर व्यास पुलीच्या कडेचा नाही, पुलीवर बसलेल्या बेल्टच्या पाठीवरून मोजलेला धरा.

तीन किंवा जास्त पुल्या आणि मध्ये टेन्शनर असेल, तर हा हिशोब फक्त पडताळणीपुरता ठेवा आणि प्रश्न ८ मधली दोरी वापरा. दोन्हींत दहा मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत आली, तर बेल्ट घेण्याआधी पुन्हा मोजा. बहुतेक वेळा दोरी एखाद्या पुलीच्या खाचेत घसरलेली असते.